शेवटून चौथी ओळ

एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व
६ ऑगस्ट २०२५

डिअर जुलियाना आंटी,

पहिलं म्हणजे हसू नका. दहावीच्या बोर्डानंतर हाताने मराठी आज पहिल्यांदा लिहितोय, आणि आमच्या शाळेत मराठी म्हणजे आठवड्याला तीन पिरियड, त्यातला एक पीटीवाले सर मागून घ्यायचे. ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही समजून घ्या.

तुम्ही फोन उचलत नाही. मेसेज बघत नाही. परवा मी सांडोरला तुमच्या वाडीत येऊन गेलो. फाटकाशी उभं राहून तीन हाका मारल्या. तुम्ही राजेळी केळीची वाळलेली पानं कापत होतात. माझ्याकडे बघितलंत, कोयता तिथेच टाकलात आणि आत गेलात. म्हणून हे पत्र.

मला माहितेय तुम्ही का चिडलात. आपल्या विणकाम ग्रुपची सहा जुलैची मीटिंग. तुमच्या बहिणीसाठीच्या ब्लँकेटचे सगळे चौसष्ट विणलेले चौकोन क्लबहाऊसच्या लादीवर मांडलेले, जोडायच्या आधी, आणि तुम्ही गुडघ्यांवर बसून एकेका चौकोनावर बोटं फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलात. "माझे कुठे? माझे सोळा कुठे?" सगळ्यांना एकाच लॉटची पांढरी लोकर दिलेली, सगळे चौकोन सारखेच दिसणार ना आंटी. तेव्हा स्वप्ना बोलली, "आंटी, चष्मा बदला आता, नाहीतर आमचे पण तुमचे म्हणून घेऊन जाल!" एकतीस माणसं हसली. मी पण हसलो. थोडंसं. ग्रुप मीच चालवतो, मी एकटा तोंड पाडून बसलो असतो तर विचित्र दिसलं असतं.

स्वप्ना तशी वाईट नाही. रोज चर्चगेटला जाऊन-येऊन तिची जीभ तशी झालीय. तिच्या वतीने पण सॉरी.

तुमचे सोळाच्या सोळा ब्लँकेटमध्ये आहेत. माझ्यावर विश्वास ठेवा.

आणि खरी बातमी ही की ब्लँकेट पोचलं! वीस जुलैला मी आणि स्वप्ना विरारला मनवेलपाड्याला जाऊन तुमच्या बहिणीला देऊन आलो. ग्लोरिया आंटींना आता अजिबात दिसत नाही, शुगरने दोन्ही डोळे गेले. पण त्यांनी हातांनी बघितलं. पाऊण तास एकेक चौकोन चाचपत बसल्या होत्या. जोनाथन म्हणाला, आईने इतका वेळ एक वस्तू हातात धरलेली मी वर्षभरात बघितली नाही. खूप खूश झाल्या.

तुमचं नाव मी घेतलं नाही. तुम्ही बजावलं होतंत, "माझं नाव काढायचं नाय, एकवीस वर्षं आम्ही बोललो नाय." प्रॉमिस पाळलं.

आता या ना परत. नोव्हेंबरमध्ये आपलं प्रदर्शन आहे. टकळीवाले चौघं नवीन आलेत, एकजण लाकडी फ्रेमवर मफलर विणतो, आणि मोज्याची टाच वळवायला शिकवणारं तुमच्याशिवाय कोणी नाही. मला तरी कोणी शिकवली? तुमची सुयांची पिशवी तुम्ही इथेच विसरलात. माझ्या कपाटात सांभाळून ठेवलीय.

तुमचा
सिद्धेश


९ सप्टेंबर २०२५

डिअर आंटी,

तुमची चिठ्ठी तुमच्या मुलाने, रायनने, आमच्या वॉचमनकडे ठेवली होती. चार वेळा वाचली. तुमचं अक्षर किती सुंदर आहे! मी इथे परत उतरवतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की.

तुम्ही लिहिलंय: "मी आणि ग्लोरिया सिस्टरांच्या शाळेत विणायला शिकलो. दोघींचे चौकोन सारखे यायचे आणि शाबासकी ग्लोरियाला मिळायची. म्हणून मी शेवटून चौथ्या ओळीत मुद्दाम एक उलटा टाका घालायची. सुलट विणीवर बोट फिरवलं की तो तांदळाच्या दाण्यासारखा लागतो. हे फक्त ग्लोरियाला ठाऊक. आईच्या मातीचा निरोप तिला द्यायचं काम माझ्याकडे होतं आणि मी रागाने उशिरा दिला. ती पोचली तेव्हा माती होऊन गेली होती. माझं नाव ऐकून तिने ब्लँकेट फेकलं असतं. पण तो टाका तिच्या बोटाला लागला असता तर तिला कळलं असतं, आणि कुणाला न सांगता तिला ते ठेवता आलं असतं. मी सोळाही चौकोनांत तो घातला होता. लादीवर एकातही सापडला नाय. सिद्धेश, खरं सांग, तुला दिसला होता का? माझी बोटं गेली की डोकं गेलं?"

आंटी, मी खरंच आठवून बघितलं. तुम्ही चौकोन दिलेत तेव्हा मी स्वतः एकेक तपासला होता, साईज बरोबर आहे की नाही ते. मला असा टाका दिसला नाही.

टेन्शन घेऊ नका. माणसाला एखादी गोष्ट करायची असते आणि केली असं वाटतं, पण केलेली नसते. आमच्या बिल्डिंगमधले एक काका दूध गॅसवर ठेवून भाजी आणायला जातात आणि वर शपथ घेतात की गॅस बंद केला होता. वयानुसार होतं. मी रायनला फोन करून नीट समजावलंय की एकदा डॉक्टरला दाखवून घ्या. राग मानू नका, काळजीने केला.

ग्लोरिया आंटींना टाका लागला नाही तरी काय झालं? ब्लँकेट तर आवडलंच त्यांना.

लवकर बऱ्या व्हा. तुमच्याशिवाय रविवारी मजा येत नाही.

सिद्धेश


२६ सप्टेंबर २०२५

आंटी,

रायनशी बोललो. डॉक्टरने गोळ्या चालू केल्यात, कळलं. तुम्ही मुलाला विचारलंत की "मी सोळा चौकोन विणले होते ना रे?" आणि तो हो म्हणाल्यावर पुन्हा तासाभराने तेच विचारलंत, हे त्याने डॉक्टरला सांगितलं. मग काय, झालंच. आता गॅसचा नॉब तो कामावर जाताना काढून नेतो आणि फोन पण स्वतःकडे ठेवलाय, कारण तुम्ही नसते फोन लावाल म्हणून. चांगलंच आहे एका अर्थी. आराम मिळेल. किती वर्षं राबलात वाडीत.

इकडे एक आयडिया एकदम हिट झालीय. नवीन लोकांसाठी मी "चुकांचा बोर्ड" केलाय. खरे नमुने पिनने लावायचे आणि खाली लिहायचं, ओळखा पाहू चूक कुठे आहे. सुटलेला टाका, वाढलेला टाका, पिळलेला टाका. लोक अक्षरशः रांग लावतात. रील टाकली तर बेचाळीस हजार लोकांनी बघितली. त्यातला एक नमुना कोणाचा ते

जाऊ दे. ते भेटल्यावर.

तुम्हाला एक विचारायचं होतं. चर्चमधल्या ऑल्टरच्या कापडाला तुम्ही लावता ती क्रोशाची लेस प्रदर्शनाला मिळेल का? खाली तुमचं नाव लिहीन. मोठ्या अक्षरात.

सिद्धेश


९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, दुपार

आंटी,

वाईट बातमी आहे. ग्लोरिया आंटी आज सकाळी गेल्या. झोपेतच. जोनाथनचा मला मेसेज आला. त्याला फोन केला तर म्हणाला, "मावशीला तू कळव. तुमचं जमतं ना. मी तिला फोन करणार नाही." उद्या शुक्रवारी चार वाजता चर्चमध्ये विधी आहे आणि मग माती.

मी आत्ताच्या आत्ता तुमच्याकडे येणार होतो. स्कूटरची चावी हातात घेतली होती. पण प्रदर्शनाच्या हॉलवाल्याने नेमकं आजच बोलावलंय, आणि तुमची तब्येत ही अशी, अचानक दारात येऊन असं काही सांगणं बरोबर दिसत नाही. रायनचा फोन लागला नाही. एकदा लावला.

म्हणून हे लिहून पाकीट लगेच पोस्टात टाकतोय. मिळालं की निघा. विरारला रिक्षाने गेलात तरी वेळेत पोचाल.

देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो.

सिद्धेश


३ नोव्हेंबर २०२५

जुलियाना आंटी,

काल तुम्ही सांगितलंत तसं लिहितोय. पहिल्यापासून.

काल मृतांच्या दिवशी तुम्ही दफनभूमीत तुमच्या मिस्टरांच्या, सॅन्टन अंकलच्या कबरीवर मेणबत्ती लावून परत आलात तेव्हा मी तुमच्या ओट्यावर बसलो होतो. माझ्याकडे तुमची सुयांची पिशवी होती आणि खिशात एक पांढरा चौकोन. तुम्ही काळ्या साडीत होतात. चपला काढल्यात, माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "कोण रे तू?"

मग तुम्ही म्हणालात, "रायन म्हणतो मी विसरते. म्हणून विचारलं. बस, सिद्धेश."

मी सांगितलं ते हे.

जूनमध्ये तुम्ही सोळा चौकोन दिलेत. मला प्रत्येकात एक उलटा टाका दिसला. सोळाच्या सोळा चौकोनांत, एकाच जागी. एकाच जागी सोळा वेळा कोणी चुकत नाही, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. मी स्वप्नाला दाखवले. ती म्हणाली, "बिचारीला दिसत नाही रे आता." मला वाटलं, गुपचूप नीट केले तर तुम्हाला कळणार पण नाही आणि ब्लँकेट परफेक्ट होईल. शेवटची कड उसवायची, चार ओळी मागे जायचं, परत सुलट विणायचं, टाके बंद करायचे. एकाला पंधरा मिनिटं. दोन संध्याकाळी पंधरा चौकोन केले. मजा आली, हे पण खरं आहे. गुरूची चूक सुधारतोय असं वाटत होतं. सोळावा तसाच ठेवला, चुकांच्या बोर्डासाठी, आणि त्याच्या जागी माझ्या हातचा एक घातला.

तुम्ही लादीवर शोधत होतात तेव्हा मला माहीत होतं का सापडत नाही. मी हसलो.

"आणि माझी चिठ्ठी आली तेव्हा?" तुम्ही विचारलंत.

"तेव्हा त्याचा अर्थ कळला."

"ग्लोरिया जिवंत होती तेव्हा."

"हो."

"किती दिवस होते?"

मी मोजले. "एक महिना."

"मनवेलपाड्याला जायला किती वेळ लागतो?"

"पाऊण तास, आंटी."

तुम्ही पदराने चष्मा पुसलात. मग विचारलंत, "तिने माझं नाव काढलं होतं?"

हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. ग्लोरिया आंटींनी पाऊण तास चौसष्ट चौकोन चाचपले ते खूश होऊन नाही. त्या काहीतरी शोधत होत्या. सगळं संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग म्हणाल्या, "सांडोरची कोणी आहे का रे तुमच्यात? जुलियाना? यात तिचे कुठलेत?"

"आणि तू काय म्हणालास?"

"तुम्ही नाव सांगू नका म्हणाला होतात."

"काय म्हणालास ते विचारते. तुझे शब्द सांग."

"म्हणालो, जुलियाना नावाचं आमच्यात कोणी नाही."

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"मोठ्याने."

तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा शेजारच्या वाडीतला माणूस मान वर करून बघायला लागला.

ग्लोरिया आंटी फक्त "बरं" म्हणाल्या. आणि जोनाथनला म्हणाल्या, "कपाटावर ठेव. पाहुण्यांना होईल." माती झाल्यावर मी त्यांच्या घरी बघितलं, ब्लँकेट अजून तिथेच होतं. निघताना आम्ही परत बांधलेली रिबन पण सुटली नव्हती.

माझं पत्र तुम्हाला सोमवारी मिळालं. माती शुक्रवारी झाली. मला माहीत होतं पोस्टाला किती दिवस लागतात. हॉलवाला पण त्या दिवशी संध्याकाळी सातला भेटणार होता. दुपार माझी मोकळी होती.

मग मी खिशातून सोळावा चौकोन काढला. बोर्डावरून काढून आणला होता, कोपऱ्यात अजून पिनची भोकं होती. म्हणालो, "आंटी, हा पुरावा आहे. आत्ता रायनला दाखवू. तुमचं डोकं एकदम ठीक आहे. गोळ्या बंद होतील, तो गॅस देईल, फोन देईल. मी त्याला सगळं सांगतो, मला काय वाटेल ते बोलू दे."

तुम्ही चौकोन मांडीवर घेतलात. डोळे मिटून बोट फिरवलंत. शेवटून चौथ्या ओळीत थांबलं. दाण्यावर. बराच वेळ बोट तिथेच होतं. मला वाटलं आता रडाल, आणि मग मला पण रडता येईल.

"सुया दे."

मी पिशवी दिली. तुम्ही शेवटची कड उसवलीत. मी म्हणालो, "आंटी, नको." तुम्ही धागा ओढत राहिलात. एक ओळ, दोन, तीन, चार. दाणा गेला. मी हात पुढे केला तर सुईने बाजूला केलात. सगळे टाके सुईवर घेतलेत, एकही सुटला नाही, आणि परत विणायला लागलात. सुलट, सुलट, सुलट. हातावर नजर नव्हतीच, माझ्यावर होती. हात जरा पण कापत नव्हते. टाके बंद केलेत, धागा दाताने तोडलात आणि चौकोन माझ्या मांडीवर ठेवलात.

"घे. चूक काढली. लाव तुझ्या बोर्डावर."

"आता रायनला काय दाखवू?"

"काय दाखवतोस? तुला तर दिसलाच नव्हता. लिहून दिलंयस मला."

मी म्हणालो, "मग तुमच्या गोळ्या?"

"तो टाका जिच्यासाठी होता ती गेली. आता मी शहाणी ठरले काय आणि वेडी ठरले काय." मग तुम्ही सुया पिशवीत टाकल्यात. "आणि ऐक. डॉक्टरने कागदावर लिहिलंय की मी विसरते. तर तू मला लिहीत जायचं. दर पहिल्या रविवारी, तुमची ती जत्रा भरते ना, त्याच दिवशी. काय काय केलंस ते, पहिल्यापासून. एक शब्द गाळायचा नाय. ज्या रविवारी लिहिणार नाहीस, त्याच्या पुढच्या रविवारी मी तुझ्या क्लबात येईन, लादीवर बसेन आणि सगळ्यांना विचारीन, माझे सोळा कुठे."

मी विचारलं, "किती महिने, आंटी?"

तुम्ही हसलात. जुलैनंतर पहिल्यांदा.

"कोण रे तू?" म्हणालात, आणि दार लावून घेतलंत.

सिद्धेश


१ फेब्रुवारी २०२६, रविवार

जुलियाना आंटी,

जानेवारीचं पत्र तुम्ही माझ्याच पाकिटात परत पाठवलंत. दुरुस्त्या बघितल्या. "काळजीने" खोडलंय. "मला वाटलं" सगळीकडे खोडलंय. "थोडंसं हसलो" मधलं थोडंसं खोडलंय. प्रदर्शनाला किती लोक आले ते लिहिलं होतं, त्यावर पूर्ण फुली आहे. खाली लिहिलंय, परत लिही. नीट करून लिहितो.

तुम्ही सोळा चौकोन दिलेत. प्रत्येकात शेवटून चौथ्या ओळीत एक उलटा टाका होता. मी तो बघितला. पंधरा चौकोनांतून मी तो काढला. सोळावा चूक म्हणून भिंतीवर लावला. तुम्ही लादीवर शोधत होतात तेव्हा मी हसलो. तुम्ही विचारलंत, दिसला होता का. मी नाही म्हणालो. तुमच्या मुलाला मी सांगितलं की तुम्ही विसरता. तुमची बहीण एक महिना जिवंत होती आणि मी गेलो नाही. ती गेली तेव्हा पत्र पोस्टात टाकलं, कारण ते उशिरा पोचतं.

तिने विचारलं होतं, यात जुलियानाचे कुठलेत.

मी म्हणालो, जुलियाना नावाचं आमच्यात कोणी नाही.

सिद्धेश